दोन स्वच्छ नमुने

"बाजी, टंकी फिर मर गई."

नईमचा फोन आला तेव्हा गुलनाज मुजावर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. सकाळचे सात वाजले नव्हते, आणि सोलापूर तापायला लागलंही होतं.

"ओढ्याकडचा व्हॉल्व्ह बंद कर," त्या म्हणाल्या. "मी येते."

टाकी मेली म्हणजे काय, हे त्यांना विचारावं लागलं नाही. नईम मंद्रूप रस्त्यावरच्या लष्करी तळावर सांडपाण्याच्या प्लांटचा ऑपरेटर होता. त्या प्लांटमध्ये एक मोठी हवेची टाकी आहे. तिच्यात घाण खाऊन जगणारे जिवाणू असतात. ते जगले तर पाणी साफ होतं. ते मेले की टाकीवर पांढरा फेस चढतो आणि आलेली घाण जशीच्या तशी बाहेर ओढ्यात जाते. यंदा ही टाकी तिसऱ्यांदा मेली होती.

गुलनाज सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या. निवृत्ती जवळ आली होती, आणि उरलेले दिवस बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजत सुखानं घालवावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. पण लष्कराशी पंगा असलेली तक्रार आली, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्या तरुण मंडळींना नेमक्या त्याच दिवशी महत्त्वाच्या मीटिंगा निघाल्या. फाइल फिरत फिरत त्यांच्या टेबलावर येऊन बसली ती बसलीच.

तक्रार होती गंगम्माची. तळाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी तिची दोन एकर जमीन आणि एक विहीर. विहिरीच्या पाण्यावर मेथी, पालक, कोथिंबीर काढायची आणि बाजारात विकायची, यावर तिचं आयुष्य गेलं. हिवाळ्यात तिची म्हैस फेस गाळून मेली. विहिरीचं पाणी तपासलं तर त्यात क्रोमियम निघालं. लोखंडावर चकचकीत मुलामा चढवायला जे वापरतात ते. पोटात गेलं तर माणसाचं वाटोळं करणारं. आता तहसील कचेरीनं नोटीस काढली होती, की विष कुठून येतं ते या आठवड्यात कळलं नाही तर विहीर सील करणार.

तळाच्या दारात पाससाठी बसावं लागतं. गुलनाजना त्याची सवय झाली होती. फाटकाजवळच्या लिंबाखाली गंगम्मा नेहमीसारखी पितळी घागर पुढ्यात घेऊन बसली होती. घागरीत तिच्या विहिरीचं पाणी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला ती एकच सांगायची, "प्या की वाईच." आजवर कोणी प्यायलं नव्हतं.

"आलासा?" तिनं विचारलं. "चेहरा लई उतरलाय तुमचा. जेवता का न्हाई?"

"जेवते हो मावशी. ऊन बाधतं."

"बसा हितं सावलीला. त्या शिपायाला घाई नसती." गंगम्मानं पदरानं जागा झटकली. "बाई, एक इचारू? त्यो मानूस घावला, तर पयला मला सांगाल?"

"कोण माणूस?"

"ज्येनं माझ्या हिरीत इख कालवलं त्यो. मेजर असू दे न्हाईतर कर्नल. पोलिसाला मागनं सांगा, आदी मला. त्येचं तोंड बघायचंय मला."

गुलनाजनी हो म्हटलं. थकलेली माणसं अशी वचनं पटकन देतात, आणि मग निस्तरत बसतात.

तेवढ्यात रस्त्यावरून मैल्याचा टँकर आला. तळाच्या टोकाला जवानांच्या कुटुंबांची जुनी घरं होती, तिथं गटाराची लाइन नव्हती. तिथले शौचखड्डे उपसायला ठेकेदाराची ही गाडी रोज येई. फाटकापाशी गतिरोधक होता. टँकर त्याच्यावर हळूहळू चढला, मागचा भाग दबून घासला, आणि व्हॉल्व्हखालून थेंब थेंब गळत गाडी आत शिरली. पहारेकऱ्यानं दोन पावलं मागे होऊन नाक दाबलं आणि हातानंच जा म्हणून खुणावलं. बंपरला लिंबू-मिरची लटकत होती.

"ओ आई!" ड्रायव्हरनं खिडकीतून हात केला. "भाकरी खाल्लीस का?"

"खाल्ली रं!" गंगम्मा ओरडली, आणि गुलनाजकडे वळून जरा अभिमानानं म्हणाली, "माझं पोरगं, कल्लप्पा. हितंच कामाला हाय. मी फाटकात बसती म्हनून त्येला कोन काय बोलत न्हाई. गुनी हाय."

गुलनाजनी मान हलवली. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते कळेना. पहारेकऱ्यानं नाक सोडलं. गुलनाजच्या लक्षात आलं की आपण पदर नाकाला लावलाच नव्हता. तेवढ्यात पास आला आणि तो विचार तिथंच राहिला.

त्यांना आत न्यायला सुभेदार इंद्रजीत आला. गडी जेऊरकडचा, ताठ, मिशी राखलेला. वाहन दुरुस्तीचं वर्कशॉप त्याच्या ताब्यात होतं, म्हणजे सगळ्या गावाचा संशय त्याच्यावर होता. हे त्याला माहीत होतं, आणि त्यामुळे तो दर वाक्याला खाकरत असे.

"तुमच्याकडे क्रोमची टाकी होती ना, सुभेदारसाहेब?"

"होती, मॅडम. बंद होऊन जमाना झाला."

"खोली कुठं आहे?"

"कुलूप आहे."

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"मग उघडा."

तो घुटमळला. "मॅडम, वरची परवानगी..."

"माझा गुडघा दुखतोय. परवानगी येईपर्यंत मी इथं उभी राहू शकत नाही. तुम्ही उघडा, नाहीतर मी लिहिते की उघडून दिली नाही."

इंद्रजीतनं उघडली. आत पालींशिवाय कोणी नव्हतं. टाकी कोरडी, जमिनीवर बोटभर धूळ, धुळीवर एकही पाऊल नाही. भिंतीतल्या नळाला कोळ्यानं जाळं विणलं होतं. गुलनाज वाकून मोरीचं तोंड बघून आल्या. तेही मातीनं बुजलेलं होतं.

"आधीच का नाही दाखवलीत?"

"कुणी विचारलं नाही," इंद्रजीत म्हणाला. "सगळ्यांनी आल्या आल्या आरोपच केला."

प्लांटवर नईम उन्हात उभा होता. त्याच्या मागे हवेची टाकी पांढऱ्या फेसानं भरली होती. एरवी इथं ओल्या मातीसारखा वास यायचा, आज कुजका येत होता.

गुलनाजनी आपली पेटी उघडली. त्यांची पद्धत ठरलेली होती. प्लांटच्या तोंडाशी तळावरचं सगळं सांडपाणी एकत्र येतं. तिथं सकाळपासून दुपारपर्यंत तासातासानं बाटलीभर पाणी घ्यायचं आणि मिसळायचं. त्यातलं थोडं काचेच्या नळीत घालायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे. क्रोमियमचं विष असेल तर पाणी जांभळं होतं.

दुपारी पाणी जांभळं झालं.

"म्हणजे तळातूनच येतंय," इंद्रजीत खाकरून म्हणाला.

"तळाच्या गटारातून येतंय. तुमचं वर्कशॉप रविवारी बंद असतं ना?"

"कडक बंद. एक माणूस नसतो."

"मी एका रविवारी नमुना घेतला होता. तोही जांभळाच होता. त्यामुळे वर्कशॉपचा यात हात दिसत नाही."

इंद्रजीतचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. पण लगेच त्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, मग एक सांगतो. कर्नलसाहेबांचा संशय दुसरीकडे आहे. नईमला यंदा कायम करायचं होतं, ते झालं नाही. प्लांटमध्ये काय घालायचं आणि काय नाही, ते त्याच्याच हातात असतं. रागाच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही. आणि तुमचेच दोन नमुने स्वच्छ निघालेत. ते कसे?"

खरी अडचण तीच होती. इतक्या नमुन्यांत दोन अगदी निर्मळ निघाले होते, औषध टाकूनही पाणी पाण्यासारखं राहिलं होतं. त्या दोन नमुन्यांनी गुलनाजची झोप खाल्ली होती. रोज चोरी करणारा चोर दोन दिवस सुट्टी का घेतो?

त्यांनी नईमला टाकीच्या सावलीत बसवलं.

"पहिला स्वच्छ नमुना घेतला त्या दिवशी तू कुठं होतास?"

नईमनं ओठ चावला. "रजेवर होतो, बाजी."

"का?"

"रमज़ानचं सामान आणायचं होतं. खजूर, बेसन. दुसऱ्या दिवशी चाँद दिसला, आठवतं ना तुम्हाला?"

गुलनाजना आठवत होतं. त्या दिवशी उन्हातान्हात नमुना घेऊन घरी जाताना त्यांनी मनात म्हटलं होतं की चाँद एखादा दिवस उशिरा दिसला तर बरं, तेवढीच झोप मिळेल. नंतर तोबाही केली होती.

इंद्रजीत मागून म्हणाला, "बघा. हा नव्हता, त्या दिवशी पाणी स्वच्छ."

"आणि दुसऱ्या वेळी?" गुलनाजनी विचारलं.

"दुसऱ्या वेळी होतो मी. दिवसभर. सुभेदारसाहेबांनाच विचारा, पाडव्याच्या आदल्या दिवशी. यांना गुढीला बांबू पाहिजे होता, स्टोअरमागचा मीच तोडून दिला. संध्याकाळपर्यंत साफ करून घेतला माझ्याकडून."

इंद्रजीत पुन्हा खाकरला. "दिला होता, खरंय."

"म्हणजे नईम हजर असतानाही पाणी स्वच्छ होतं," गुलनाज म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. तळावर बाहेरून रोज काय काय येतं?"

"भाजी, दूध, पेपर, मैल्याचा टँकर. सगळ्यांची झडती होते."

"येताना?"

"जाताना, मॅडम. इथून चोरी होते ती बाहेर जाते. डिझेल, टायर, स्पेअर पार्ट. आत आणून कोण काय चोरणार?"

"आणि टँकर?"

"सकाळी रिकामा येतो, क्वार्टरचे खड्डे उपसतो, मागच्या कुंपणाजवळ एक चेंबर आहे त्यात ओततो. तिथून लाइन प्लांटला येते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की जातो. जाताना झाकण उघडून काठी घालून बघतो आम्ही, आत काही लपवलंय का. फार घाण काम आहे."

उन्हं कलली तेव्हा गुलनाज बाहेर पडल्या. डोकं जड झालं होतं. लिंबाखाली गंगम्मा घागर उचलायच्या तयारीत होती.

"कळलं का काय, बाई?"

"अजून नाही. उद्या परत येते."

"उद्या मी न्हाय हितं," गंगम्मा म्हणाली. "अवस हाय. घरी पुरनाचा सैपाक, गाडीला नारळ. आमच्यात अवसंला चाक फिरवत न्हाईत. ह्येचा बा अवसंलाच गेला, ट्रक घिऊन, अक्कलकोटच्या रस्त्याला. तवापास्नं मी कल्लप्पाला शपथ घातलीया. ठेकेदार बोंबलला तरी गाडी हालत न्हाई. परवा येती मी."

गुलनाज स्कूटरवर बसल्या. थोडं अंतर गेल्या आणि रस्त्याच्या कडेला थांबल्या. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत निघून गेला, तरी त्या तशाच उभ्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. जे कळलं होतं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

त्यांनी नईमला फोन लावला. "उद्या मी दिवसभर बसणार आहे. कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्या दिवसभर प्लांटच्या तोंडाशी बसल्या. वर्कशॉप जोरात चालू होतं, हातोडे वाजत होते. नईम हजर होता. कुटुंबांच्या घरांतून सांडपाणी येत होतं. फक्त मैल्याचा टँकर आला नाही. दुपारी त्यांनी नळीत औषध टाकलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"तिसरा स्वच्छ!" नईम आनंदानं म्हणाला. "बाजी, तुम्ही हसत का नाही?"

"दमलेय रे," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या लवकर फाटकाशी आल्या. इंद्रजीतला आणि नईमला त्यांनी बोलावून घेतलं होतं. पलीकडे लिंबाखाली गंगम्मा येऊन बसली होती. तिनं गुलनाजना हात केला. गुलनाजनी केला नाही.

टँकर आला. बंपरला ताजी लिंबं होती, काचेला हळदकुंकवाची बोटं. गतिरोधकावर तो हळूहळू चढला आणि मागचा भाग घासला.

"थांबवा," गुलनाज म्हणाल्या.

"जाताना बघू की, मॅडम," इंद्रजीत म्हणाला.

"नाही. आता."

कल्लप्पा खाली उतरला. पंचवीस-सव्वीसचा, हसरा, गळ्यात इष्टलिंगाचा शिवदारा. "काय म्याडम? गाडी मैल्याची हाय. वास मारंल."

"येऊ दे वास. मागचा व्हॉल्व्ह सोड."

"रिकामी हाय की."

"रिकामी गाडी गळते कशी?"

कल्लप्पाचं हसू कमी झालं. "राती धुतली हुती. पानी ऱ्हायलं आसंल."

"नईम, व्हॉल्व्ह सोड."

नईमनं सोडला. जाड धार खाली ठेवलेल्या बादलीत पडली आणि बादली बघता बघता भरली. पिवळसर पाणी. पहारेकऱ्यानं सवयीनं नाक दाबलं होतं, त्यानं हळूच हात काढला. कसलाच वास नव्हता.

गुलनाजनी त्यातलं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. ते इतकं गडद जांभळं झालं की नळीतून पलीकडचं काही दिसेना.

इंद्रजीत बघतच राहिला. "मॅडम, हा? याच्यावर कुणाचा संशय..."

"माझाही नव्हता. परवा ही गाडी माझ्यासमोरून आत गेली. मागून गळत होती, गतिरोधकावर घासत होती. तुम्हीच म्हणालात की ती सकाळी रिकामी येते. आणि मैल्याची गाडी चार हातांवरून जाऊनसुद्धा मला पदर नाकाला लावावासा वाटला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. मी पाससाठी वाट बघत बसले होते, दुसरं काय."

"पण आम्ही झडती घेतो!"

"जाताना घेता. तळाचं काही चोरीला जाऊ नये म्हणून. आत येताना मैल्याच्या गाडीचं झाकण कोण उघडणार? पहारेकरी नाक दाबतो आणि सोडतो. शहरातला कोणी क्रोम पॉलिशवाला कारखाना असणार. त्यांचं विषारी पाणी कायद्यानं साफ करायचं तर मोठा प्रपंच. त्यापेक्षा सरकारी कुंपणाच्या आत ओतलेलं बरं, तिथं प्रदूषणवाला बिनापरवानगी पाऊल टाकू शकत नाही. आणि शोधलंच कुणी, तर दोष तुमच्या वर्कशॉपवर. तुमच्याकडे क्रोमची टाकी होती हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"आणि ते दोन स्वच्छ नमुने?"

"त्यांनीच सांगितलं." गुलनाज दगडावर टेकल्या. "पहिला नमुना घेतला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी रमज़ानचा चाँद दिसला. म्हणजे नमुन्याच्या दिवशी आकाशात चंद्र नव्हता. दुसरा पाडव्याच्या आदल्या दिवशी घेतला. पाडव्याच्या आदल्या दिवशी काय असतं, सुभेदारसाहेब?"

इंद्रजीतनं क्षणभर विचार केला. "अमावास्या."

"कालही अमावास्या होती, काल पाणी स्वच्छ. आता बघा, तुमचं वर्कशॉप रविवारी बंद असतं, अमावास्येला चालू असतं. नईम अमावास्या पाळत नाही. जवानांची घरं अमावास्येला अंघोळ थांबवत नाहीत. या तळावर येणाऱ्यांमध्ये अमावास्येला काम बंद ठेवणारा एकच आहे. तोही स्वतःच्या मनानं नाही, आईनं शपथ घातलीय म्हणून."

बोलता बोलता त्या थांबल्या. कारण गंगम्मा लिंबाखालून उठून आली होती, आणि केव्हापासून मागे उभी होती ते कुणालाच माहीत नव्हतं.

"मावशी," गुलनाज म्हणाल्या, "पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं होतं. मला जमलं नाही. मला माफ करा."

गंगम्मानं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती मुलाकडे बघत होती.

"कल्ल्या, ही बाई काय म्हंतीया?"

"आई, मला ठावं नव्हतं गं," कल्लप्पा म्हणाला. "त्यो कारखान्याचा मालक फेरीमागं पैसं द्यायचा, म्हनला साबनाचं पानी हाय. आनि हितं मशीन हाय की, समदं साफ करतंय. सरकारचं मशीन. मला वाटलं, हितनं साफ हुनार आनि जानार."

"म्हस मेली तवा?"

तो गाडीच्या चाकाकडे बघू लागला.

"म्हस मेली तवा कळलं का न्हाई?"

"कळलं," तो म्हणाला.

"मग का थांबला न्हाईस?" हा प्रश्न गुलनाजनी विचारला. तो त्यांच्या कामाचा नव्हता, तरी विचारला.

"थांबलो असतो तर का थांबलो ते सांगाय लागलं असतं," कल्लप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "घरात शेजारच्या बोअरचं पानी आनत हुतो मी. आईला त्या हिरीचं पिऊ देत नव्हतो. इचारा तिला."

"व्हय," गंगम्मा म्हणाली. "मी म्हनायची, पोरगं किती जपतंय मला. आनि मी हितं फाटकात बसून साहेब लोकांस्नी शिव्या देती, आनि तू माझ्या म्होरनं गाडी घिऊन जातूस. भाकरी खाल्लीस का इचारतूस."

इंद्रजीतनं खिशातून फोन काढला आणि बाजूला जाऊन पोलिसांना लावला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, पण त्या कुंपणाला ज्या माउलीनं जन्म दिला तिच्यासमोर ती म्हण उच्चारायची कुणाची छाती नव्हती.

गुलनाज कामाला लागल्या, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी नईमला सांगितलं की पहिल्या टाकीत हिराकस घाल. हिराकस क्रोमियमचं विष मारतं. मग चुना घातला की हिरवट गाळ होऊन तो तळाशी बसतो, आणि तो गाळ वेगळा उचलून न्यायचा. मग टाकीतला मेलेला फेस काढायचा, ताजं शेण कालवायचं, दुसऱ्या प्लांटमधला चांगला गाळ आणून सोडायचा, दिवसरात्र हवा चालू ठेवायची. जिवाणू परत धरतील. पाऊस पडायच्या आत ओढ्यात साफ पाणी जाईल.

"कर्नलसाहेबांना सांगा," त्या इंद्रजीतला म्हणाल्या, "आता येतानाही झडती घ्यायची. आणि नईमला काढायचं नाही."

"जी, मॅडम."

पोलिसांची जीप आली. कल्लप्पानं कारखान्याच्या मालकाचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, काहीच लपवलं नाही. फौजदारानं त्याला जीपमध्ये बसवलं. गंगम्मा जीपजवळ गेली. सगळ्यांना वाटलं ती मारणार, नाहीतर रडणार. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं फौजदाराला विचारलं, "किती वर्सं घालशीला ह्येला?"

"ते कोर्ट ठरवतं, मावशी."

"अंदाजे सांगा की."

"पाचेक वर्षं लागतील. मालकाचं नाव दिलंय त्यानं. कमीही होतील."

तिनं मान हलवली. मग ती गुलनाजकडे वळली. "बाई, माझी हीर कवा चांगली हुनार?"

गुलनाजना खोटं बोलता आलं असतं. "ओढा यंदाच साफ होईल," त्या म्हणाल्या. "विहिरीचं सांगता येत नाही. विष जमिनीत मुरलंय. उपसत राहायचं, औषध घालत राहायचं. दहा वर्षं लागतील. जास्तही लागतील."

"म्हंजी पोरगं आदी येतंय," गंगम्मा म्हणाली. "पानी मागनं."

जीपमधून कल्लप्पानं हाक मारली. ती वळली नाही. गुलनाजनी तिला स्कूटरवर बसायला सांगितलं, घरी सोडते म्हणाल्या. गंगम्मा जरा वेळ उभी राहिली, मग बसली. सबंध रस्त्यात ती एकदाच बोलली. औषध कुठं मिळतं, आणि एका खेपेला किती घालायचं, एवढंच तिनं विचारलं.